वाक्य सुधारून लिहा

तात्या,

तुमच्या नातीला इंग्रजी शिकवतेय. शिकवतेय म्हणजे काय, तिच्या शेजारी बसते. दुपारची भांडी आवरली की सांगलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी बसतो. तिला सैन्यात अधिकारी व्हायचंय. हो, सैन्यात. तुमच्या युनिटमध्ये मुलगी दिसली तर ती एखाद्या साहेबाची असायची, आता मुली स्वतः साहेब होतात. त्यासाठी परीक्षा असते आणि त्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो. चूक शोधा, तुकडे जुळवा, अधोरेखित भाग सुधारा. चार पर्याय, त्यातला शेवटचा बहुतेक वेळा 'सुधारणेची गरज नाही' हा. जग इतकं उलटंपालटं झालं, पण हे प्रश्न जागचे हललेले नाहीत. 'नो सूनर' आलं की 'दॅन' शोधायचं, 'हार्डली' आलं की 'व्हेन', 'वन ऑफ' आलं की पुढे अनेकवचन. मी पर्याय न वाचता सांगते. परवा लेक म्हणाली, "आई, तू कुठल्या क्लासला होतीस गं?" मी म्हटलं, सुभेदारांच्या. तिला वाटलं माझ्या माहेरच्या, वडूजमधल्या कुठल्या मास्तरांचं आडनाव असेल. मीही खुलासा केला नाही.

तो क्लास मला आठवायचा नसतो, पण पेपर समोर आला की आठवतो. तुम्ही नुकतेच रिटायर होऊन गावी आलाय. सोप्यात ती लोखंडी घडीची खुर्ची, पायात पॉलिश केलेले बूट. शेताकडे जायचं असो वा नसो, बूट हवेतच. हातात लाल पेन्सिल आणि साताऱ्याच्या स्टँडजवळून आणलेलं प्रश्नांचं जाड पुस्तक. मी समोर उभी. बसून दिलेला जबाब ढिला असतो, असं तुमचं म्हणणं. वाक्य तुम्ही अशा परेडच्या आवाजात वाचता, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस बिचकून कान टवकारते.

"चूक कुठाय?"

"तिसऱ्या तुकड्यात."

"का?"

"कर्ता एकवचनी हाय, तात्या."

"मग दुरुस्त कर की. भायरनं कोन येनाराय का दुरुस्त कराया?"

आतून आई ओरडते, "आवं, पोरीला च्या तरी पिऊ द्या." तुम्ही पुढचं वाक्य वाचायला घेता. चहा निवतो, त्यावर साय धरते, मग मी तो गार चहा एका घोटात पिते आणि भांडी घासायला जाते. खरं तर तो क्लास माझ्यासाठी मांडलेलाच नव्हता. तो होता दादासाठी. दादानं तुमच्यासारखं पलटणीत क्लार्क व्हावं, मग त्यानं तुमच्याही पुढे जावं. पण दादा पुस्तक दिसलं की मागच्या दारानं तालमीत पळायचा आणि शेवटी तो भरतीला उभा राहून साधा जवान झाला. खुर्ची मांडलेली, पुस्तक आणलेलं, पेन्सिलीला टोक केलेलं. मग कुणाला तरी उभं करायला हवं, म्हणून मला केलंत. हे मला तेव्हाही कळत होतं. पण उरलेलं का होईना, ताटात पडलं होतं, आणि मी अधाशासारखी खात होते.

तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात ते एकदाच सांगितलंत. ऑफिसात मसुदा टाईप करून साहेबापुढे ठेवायचा, साहेब लाल शाईनं चिरफाड करून परत पाठवायचा, तो पुन्हा टाईप करायचा. पाठीवर हात ठेवून कुणी शिकवलं नाही, लाल शाईनंच शिकवलं. तुमचं कागदावरचं वाक्य वरचा माणूस दहादा फिरवत होता आणि तुम्ही 'येस सर' म्हणून ते फिरवून देत होता. मग गावाकडे येऊन तुम्ही हा असला उफराटा नियम का केलात, याचा मी पुष्कळ विचार केलाय. घरातला खोडरबर तुम्ही जप्त केला होता. "पैला जबाब त्योच जबाब. खोडाखोड करनारा मानूस फायरिंगला उबा ऱ्हात न्हाई," असं म्हणायचात. पुस्तकातली वाक्यं सुधारायची, पण आपण दिलेला जबाब सुधारायचा नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यातल्या चुका काढायच्या आणि आपल्या तोंडून गेलेलं वाक्य मात्र काळ्या दगडावरची रेघ. मला तर वाटतं, साहेबाच्या लाल शाईचा सगळा सूड तुम्ही आमच्यावर उगवत होता. हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती. आता तुमचं तोंडच राहिलं नाही म्हणून लिहितेय.

एक दिवस मात्र चांगला होता. पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर आणि माझं उत्तर जुळेना. तुम्ही म्हणालात, चुकलं. मी म्हटलं, न्हाई तात्या, पुस्तक चुकलंय. आई भाकरी थापायची थांबली, इतकं ते धाडसाचं होतं. तुम्ही आत गेलात, ट्रंकेतलं जुनं व्याकरण काढलंत, उभ्या उभ्याच पानं चाळलीत, किती तरी वेळ. बाहेर आलात आणि लाल पेन्सिल माझ्या हातात दिलीत. "मार काट त्यावर," म्हणालात. मी छापील उत्तरावर काट मारली. मग तुम्ही आत बघून ओरडलात, "आगं ऐकलंस का, पोरीनं छापल्याल्या पुस्तकाची चूक काडली!" आई म्हणाली, "मग आता पुस्तकाला छड्या मारा." तुम्ही हसलात. पेन्सिल माझ्याकडेच राहू दिलीत. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसाला बरोबर ते बरोबर म्हणता येतं. नंतर जे झालं ते या दिवसामुळेच जास्त लागलं. तो दिवस नसता तर मी तुमच्याकडून कसली अपेक्षाच ठेवली नसती.

बँकेच्या परीक्षेचा अर्ज तुम्हीच आणलात आणि साताऱ्याला पेपरला तुम्हीच घेऊन गेलात. शाळेच्या फाटकाबाहेर कडूलिंबाखाली उभे होता, ताठ, बूट घालून. आत मी तुमचा नियम मोडला. वाक्य सुधारण्याच्या भागात एक उत्तर रंगवलं होतं, ते शेवटी पुन्हा वाचलं आणि शेजारच्या मुलीचा खोडरबर मागून पुसलं, दुसरं रंगवलं. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "खोडाखोड?" मी म्हटलं, "न्हाई." तुम्ही मला स्टँडवर कांदाभजी खाऊ घातलीत.

निकाल यायच्या आधीच सांगलीची मंडळी बघायला आली. बघायला म्हणजे नावाला. मुलाच्या वडिलांना, तुमच्या युनिटमधल्या हवालदारांना, तुम्ही तासगावच्या एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, केव्हाच शब्द देऊन बसला होता. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले, पाटावर बसले, डोक्यावरचा पदर सावरला. आणि तुम्हाला काय लहर आली कोण जाणे, तुम्ही म्हणालात, "एखादं चुकीचं इंग्लिश वाक्य सांगा, पोरगी उब्या उब्या दुरुस्त करून दावंल." हवालदार मिशीला लागलेला पोहा पुसत म्हणाले, "सुभेदारसाहेब, आमाला सून पायजे, मास्तरीन न्हवं." सगळे हसले. मला वाटलं, आता तुमचा आवाज चढेल. तुम्हीही हसलात, तात्या. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलात. मी पाटाच्या कडेला नखानं ओरखडे काढत राहिले.

मग पत्र आलं. लेखी परीक्षा पास, मुलाखतीला पुण्याला या. पोस्टमनकडून तुम्हीच घेतलंत, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलंत. मी दारात उभी. तुम्ही खिशातून लाल पेन्सिल काढलीत आणि कागदावर एक गोल केलात. "हे बग. 'ऑल द ओरिजिनल सर्टिफिकेट'. येवडी मोटी बँक, आन् सर्टिफिकेटला यस न्हाई." हसलात. मीही हसले. इतकी हसले, कारण मला वाटलं हसून झालं की पुढचं वाक्य 'जा' हेच असणार. तुम्ही कागदाची घडी घातलीत. म्हणालात, "सुपारी फुटायची त्याच दिशी हाय ही मुलाकत."

"मग सुपारी आट दिस फुडं घ्या की, तात्या."

"शब्द दिलाय."

"फकस्त तारीख म्हंते मी. लगीन मोडा म्हनत न्हाई."

"त्येन्ला नोकरीवाली नको हाय. म्हाईत हाय मला. मुलाकतीला जाऊन काय करनार? सुभेदारानं शब्द दिला म्हंजे दिला."

आई चुलीपासून उठून आली. आयुष्यात एकदाच ती तुमच्या बोलण्यात पडली. "आवं, सांगून तर बगा. ती बी मानसंच हायती." तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. "तू गप," एवढंच म्हणालात आणि बूट घालून देवळाकडे गेलात. मुलाखतीच्या दिवशी मी सुपारीसाठी हिरवी साडी नेसून पाटावर बसले होते आणि गुरुजी माझ्या कपाळाला अक्षता लावत होते. पुण्यात कुणीतरी माझं नाव पुकारलं असेल आणि मग पुढचं पुकारलं असेल.

मग शिकवलंत कशाला? हा एकच प्रश्न आहे माझा, आणि त्याला चार पर्याय नाहीत. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिनं कशाची आशाच धरली नाही, ती सुखी होती असं नाही, पण तिला असं दारात आणून कुणी परत फिरवलं नाही. मला वाटतं, तुम्हाला फक्त समोर उभं राहून जबाब देणारं माणूस हवं होतं. पलटण सुटली होती, ऑफिस सुटलं होतं, साहेब सुटला होता. पोरगी उरली होती.

तुमचे जावई वाईट नाहीत, हे लिहायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की रडगाणं लावलंय. पंपदुरुस्तीचं दुकान आहे, कधी हात उगारला नाही, दारूला शिवत नाहीत, माझ्या आजारपणात भात लावतात. गावात तुम्ही मिरवलंत, बघा, निवड चुकली का? नाही चुकली. पण ते बरे निघाले हे त्यांचं कर्तृत्व, तुमचं नव्हे. ते कसे आहेत हे तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? तुम्ही त्यांच्या वडिलांना ओळखत होता, तेही युनिटपुरतं. तुम्ही गेलात तेव्हा तुमची नात नुकती बोलायला लागली होती. अंगणात माणसं दाटली होती आणि जो तो म्हणत होता, "शब्दाचा मानूस गेला." मी आत पाणी प्यायला म्हणून गेले आणि रिकाम्या माठापाशी उभी राहिले. मला रडू येत नव्हतं. लोकांना वाटलं, पोरगी धीराची आहे.

आणि आता ऐका, कारण हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय. दिवाळीनंतर कराडला एका लग्नात तुमचे जावई पाटणच्या एका कुटुंबाला भेटले. मुलगा कोयनानगरला नोकरीला, घरचं चांगलं. जेवण झालं, पान झालं, आणि यांच्या तोंडून गेलं, "पोरगी तुमचीच समजा." घरी आले ते पेढे घेऊनच. लेक टेबलावर बसून चुका शोधत होती. तिनं बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी यांना म्हटलं, फोन करून सांगा, परीक्षा होऊ दे, मग बघू. तर म्हणतात कसे, "आता कुठल्या तोंडानं सांगू? चार माणसांत शब्द गेलाय माझा." सुंभ तुमचा होता, जळून गेला. पीळ तुमच्या जावयात उतरला. रक्ताचं नातं नाही, तरी उतरला. मी म्हटलं, तुमच्या तोंडानं नका सांगू, मी माझ्या तोंडानं सांगते.

मी एकटी गेले. सांगलीहून कराड, कराडहून पाटण. वाटेत सगळी वाक्यं मनात तयार केली, पुन्हा पुन्हा सुधारली. रागावतील, अपमान करतील, चार नातेवाईक गोळा करतील, याची तयारी केली. आयुष्यभर मला हेच वाटत आलं होतं की दिलेला शब्द परत घ्यायचा म्हणजे डोंगर उचलायचा. तसं नसतं तर तुम्ही तो घेतला नसता का? असं मी स्वतःला कितीदा समजावलं होतं.

मुलाची आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी बसले, पाणी प्यायले आणि सांगितलं. ती म्हणाली, "आवं, त्यात काय येवडं! येळंवर सांगितलासा, बरं झालं. लगीन हाय, फाशी न्हवं." सूप बाजूला ठेवून ती चहा टाकायला उठली. झालं. इतकंच. तात्या, इतकंच होतं ते! एक एसटी, एक तांब्या पाणी आणि एक वाक्य. सांगली काही विलायतेत नव्हती. तिथेही माझी सासू अशीच ओट्यावर बसली असेल, तिनंही म्हटलं असतं, त्यात काय एवढं. तुम्ही जाऊनसुद्धा बघितलं नाहीत. त्या ओट्यावर बसून मला तुमचा जेवढा राग आला तेवढा त्या हिरव्या साडीतही आला नव्हता.

पण बाई आत गेली आणि मुलाचे वडील खुर्चीवरून बोलले. इतका वेळ ते तिथेच बसून ऐकत होते. "तुमच्या मालकांनी शब्द दिला व्हता. आमी चार जागी सांगून बसलोय. बाप्या मानसाच्या शब्दाला काय किंमत हाय का न्हाई?" आणि माझी सगळी सुधारलेली वाक्यं पळाली. मला एकदम उभं असल्यासारखं वाटलं, सोप्यात, लाल पेन्सिलीपुढे. मुलीचं मन, तिची मेहनत, तिची परीक्षा, यातलं एकही त्यांच्यापुढे टिकणार नाही हे मला दिसत होतं. तेव्हा मी म्हटलं, "माझे वडील सुभेदार होते. जाताना सांगून गेले, नातीचं शिक्षण-परीक्षा सगळं झाल्याबिगर कुणाला शब्द द्यायचा नाही. त्यांचा शब्द आधीचा आहे. यांना ते ठाऊक नव्हतं."

ते सावरून बसले. त्यांचा थोरला भाऊ फौजेत होता म्हणे. "आसं व्हय? सुभेदारांचा शब्द म्हंजे मग आमी बोलायचंच न्हाई," म्हणाले. निघताना बाईनं घरच्या तांदळाची पिशवी दिली, आणि ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले, तुमची चौकशी करत. कुठली पलटण, कुठे कुठे होते, कधी गेले. मी सगळं सांगितलं. पुढे त्यांनी ते वाक्य आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल. त्या भागात आता तुम्ही नातीच्या शिक्षणासाठी शब्द टाकून गेलेले सुभेदार आहात.

घरी मी एवढंच सांगितलं की जमलं. लेक पुन्हा टेबलावर बसली आहे, परीक्षा येत्या रविवारी आहे. तुमचं नाव तिथे कसं कामी आलं ते तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणेल, आजोबा किती भले होते, आणि मला ते ऐकवणार नाही. हे पत्रही कुणाला दाखवायचं नाही, लिहून झालं की चुलीत जाईल, म्हणजे आता गॅसवरच जाळावं लागेल. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. हवं तर यावर लाल गोल करा.

फक्त एक आहे. पाटणहून परत येताना एसटीत खिडकीशी बसले होते, मांडीवर तांदळाची पिशवी होती. ते वाक्य मी मनात पुन्हा म्हटलं, तुमच्या आवाजात. मग आणखी एकदा. आणि मला खरंच वाटायला लागलं की ते तुम्ही म्हणाला होता. कराड येईपर्यंत वाटत होतं. कराडपर्यंत मी फार सुखात होते, तात्या.